जागा वारली

जून लागला की इथे दारातून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. दोन पावलं अंदाजाने टाकायची, रुमालाने काचा पुसायच्या, की पुन्हा वाफ. हवा एवढी ओली की शर्ट पिळून काढावा, आणि पाऊस मात्र थेंबभर नाही. अबू धाबीच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत आमच्या वर्कशॉपसमोरच्या रस्त्याच्या मधोमध खजुराची झाडं आहेत. त्यांचे घड याच दिवसांत पिवळे व्हायला लागतात आणि पालिकेची माणसं येऊन त्यांना जाळ्या बांधून जातात. दुपारी उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम लागू होतो, यार्डातलं ग्राइंडरचं किंचाळणं तेवढा वेळ थांबतं. त्या शांततेत मला दर वर्षी अमेरिकेतला एक मतदारसंघ आठवतो.

हसू नका. मी अमेरिकेत कधी गेलेलो नाही आणि आता जाईन असंही वाटत नाही. पण त्या मतदारसंघातून कोण कधी निवडून आलं, कोण पडलं, कोण पदावर असताना गेलं, हे मला तोंडपाठ आहे. माझ्या स्वतःच्या पुण्यातल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, असं विचारलंत तर मला बायकोला फोन लावावा लागेल. कुणाच्या गाईम्हशी आणि कुणाला उठाबशी म्हणतात, ते हेच.

हे वेड लागलं त्या वर्षी रेवा, माझी मुलगी, सोळा वर्षांची होती. जन्म अबू धाबीतला, शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, घर अल रीम आयलंडवर तेविसाव्या मजल्यावर. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही घरातली रीत. शाळेतून एक प्रकल्प मिळाला होता: आज अस्तित्वात नसलेला एक अमेरिकी मतदारसंघ निवडा आणि त्याचा निवडणुकांचा इतिहास मांडा. वर्गात पंचवीस-तीस मुलं, निरनिराळ्या देशांची, आणि ज्या शहरात ती बसली होती तिथे त्यांच्यापैकी बहुतेकांना मोठेपणीही मत मिळणार नव्हतं. बाई अमेरिकेच्या होत्या, हौशी होत्या. त्यांच्या हे लक्षात आलं नसावं.

रेवाने एका राज्याचा एकविसावा मतदारसंघ निवडला. राज्याचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या कुणाला त्याने काही फरक पडायचा नाही. का निवडलास, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाबा, इट वॉज फ्री. बाकीचे सगळ्यांनी घेतले." उरलेलं आपलं, असा हा न्याय.

मी त्या वेळी एका मोठ्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. म्हणजे पुलांची, टाक्यांची, पाइपांची ड्रॉइंग्ज सांभाळायची. नवीन ड्रॉइंग आलं की जुन्यावर लाल शिक्का मारायचा: 'सुपरसीडेड'. याची जागा दुसऱ्याने घेतली, हे आता वापरू नका. वीस वर्षांत एक कागद माझ्या हातून हरवला नव्हता. माणसाला कशाचा तरी माज लागतो, मला याचा होता. त्यामुळे रेवाने जेवणाच्या टेबलावर तो भलामोठा तक्ता पसरला तेव्हा मीच आधी खुर्ची ओढून बसलो.

तक्त्यात एका ओळीत एक माणूस. नाव, पक्ष, कधी आला, कधी गेला, आणि शेवटच्या रकान्यात त्याचं काय झालं. एवढंच. पण वाचता वाचता नदीकाठचं एक खोरं डोळ्यांपुढे यायला लागलं. कोळसा निघाला, भट्ट्या उभ्या राहिल्या, बोटी भरभरून माणसं आली, आणि माणसं मोजल्यावर राज्याच्या पदरात देशाच्या संसदेतली एक जादा जागा पडली. पहिला प्रतिनिधी वकील. दाढी छातीपर्यंत आलेला त्याचा फोटो रेवाने कुठून तरी शोधून काढला. मग दोन्ही पक्षांचा खो-खो. मग एक निवडणूक इतकी अटीतटीची की महिनोन्‌महिने मोजणी चालली होती, आणि त्या काळापुरती नावाच्या रकान्यात एकच शब्द होता: रिकामी.

मग आला एक भट्टीवाल्याचा मुलगा. तो काही उठायलाच तयार नाही. ओळीमागून ओळ तोच. काही वेळा समोर उमेदवारच नाही. "ही इज बोअरिंग," रेवा म्हणाली. मला तो आवडायचा नाही, पण त्याच्यासमोर दर वेळी पडणारा एक दंतवैद्य होता, तो मला फार आवडायला लागला. किती वेळा उभा राहिला आणि किती वेळा पडला! एकदा थोडी मतं वाढली, पुढच्या खेपेला परत घसरली. त्याचं नाव मुख्य यादीत नाहीच. उजवीकडे बारीक अक्षरात 'हरलेले' म्हणून. मी रेवाला म्हणालो, "या माणसावर एक परिच्छेद लिही."

"बाबा, ही नेव्हर वन."

"म्हणूनच."

तिने लिहिला नाही. बरोबरच होतं तिचं, मार्क जिंकणाऱ्यांवर होते. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला मुसफ्फाच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी त्या दंतवैद्याचाच विचार करत होतो. पडल्यावर दुसऱ्या सकाळी दवाखाना उघडत असेल. खुर्चीत बसलेल्या पेशंटने आपल्याला मत दिलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नसेल, आणि पेशंटला तर तोंड उघडं ठेवून बसावं लागत असेल.

शनिवारी सकाळी माझ्या आईचा, म्हणजे रेवाच्या आजीचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा. तिला या प्रकरणात भलताच रस निर्माण झाला होता. "आज कुणाला निवडून आणलंस गं?" अशीच सुरुवात. आजीशी मात्र रेवाला मराठी बोलावंच लागायचं. तर एका शनिवारी तिने त्या भट्टीवाल्याच्या मुलाची गोष्ट संपवली. "आणि देन, आजी, तो मेला."

"मेला म्हणू नये. वारले म्हणावं."

"पण आजी, ही वॉज नॉट व्हेरी गुड."

"वाईट माणसंसुद्धा वारतात, बाळा. एकदा गेलं की मान द्यायचा."

रेवाने वहीत लिहून घेतलं. वारला, वारली, वारले. मग सांगितलं की त्याच्या जागी त्याची बायको उभी राहिली आणि निवडून आली. आजीला हे फारच पटलं. "बघ! आमच्याकडेही हेच करतात," म्हणाली. मंजिरी, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही तिघं त्या एकविसाव्यातच राहायला का जात नाही?" ती मे महिन्यातली गोष्ट. ते पाच-सहा शनिवार मला आता मोजून आठवतात. आम्ही सुखी होतो हे तेव्हा कळलं नाही, असं लोक म्हणतात. मला कळलं होतं, फक्त ते जाईल असं वाटलं नव्हतं.

मतदारसंघ कसा मरतो, हे मला त्या तक्त्याने शिकवलं. आवाज होत नाही. भट्ट्या बंद होतात. तरुण मंडळी दक्षिणेकडे जातात. पण प्रत्येक मतदारसंघात माणसं सारखी हवीत असा कायदा, म्हणून दर दहा वर्षांनी नकाशावरची रेष बाहेर सरकवायची, शेजारची गावं आत ओढायची. माणसं जेवढी कमी होत जातात तेवढा मतदारसंघ मोठा होत जातो. रेवाने सगळे नकाशे एकाखाली एक चिकटवले होते. शेवटच्या नकाशात तो आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. अनोळखी माणसाला वाटावं, काय भरभराट आहे. आमच्या ऑफिसातही तेच चाललं होतं. सहा जणांचे आम्ही दोघं उरलो होतो, आणि चार जणांची कपाटं माझ्या नावावर आली होती. मी घरी येऊन मंजिरीला म्हणालो होतो, "जबाबदारी वाढलीये."

मग एका जनगणनेनंतर राज्याची एक जागा कमी झाली. कुठली कमी करायची? एकविसावी. तिचे तीन तुकडे करून तीन शेजाऱ्यांना वाटले. काही रहिवासी कोर्टात गेले, हरले. शेवटचा प्रतिनिधी शेजारच्या मतदारसंघात स्वतःच्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध उभा राहिला आणि पडला. तक्त्याची शेवटची ओळ: 'डिस्ट्रिक्ट एलिमिनेटेड'.

"पण लोक कुठे गेले?" मी विचारलं.

"नोव्हेअर, बाबा. दे स्टेड. द लाइन मूव्ह्ड."

आमच्या तालुक्याचाही मतदारसंघ एका फेररचनेत असाच गेला होता. माझे वडील तेव्हा हयात होते. मत देऊन आले, पाय धुतले आणि म्हणाले, "आज कुणाला मत दिलं, मला ठाऊक नाही. यादीत आपल्याकडचं एकही नाव नव्हतं." शेवटपर्यंत ते 'आमचा मतदारसंघ' असंच म्हणत राहिले. आम्ही हसायचो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मला पत्र मिळालं. ड्रॉइंगचं सगळं काम आता दुसऱ्या देशातल्या ऑफिसातून होणार होतं. एचआरचा माणूस वाईट नव्हता. खुर्चीवरून उठून माझ्या बाजूला येऊन बसला. "सॉरी हबीबी, नॉट यू. द पोझिशन." मी पत्र घडी घालून बॅगेत ठेवलं. घरी रेवाच्या प्रकल्पाची शेवटची तयारी चालली होती. आधी मंजिरीला एकटीला सांगावं, मग बघू, असा विचार करून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेलो. वीस वर्षांत एक कागद न हरवणाऱ्या माणसाने तो नेमका पोरीच्या कागदांत ठेवला.

बाहेर आलो तर रेवा उभी होती, पत्र हातात. "बाबा, धिस इज नॉट माइन," ती म्हणाली. मग, "बट सेम वर्ड." एलिमिनेटेड. तिने त्या शब्दाखाली बोट धरलं होतं. मंजिरी कुकर बंद करून आली. तिने वाचलं, आणि पहिलंच म्हणाली, "रेवाचं शेवटचं वर्ष."

प्रश्न तेवढाच होता. इथे माणूस नोकरीच्या आधारावर राहतो आणि घरचे त्या माणसाच्या आधारावर. नोकरी गेली की काही मुदत मिळते, मग खलास. आम्हाला पुणं होतं, आई होती, फ्लॅट होता. रेवाला हेच होतं. दुसरं गाव तिला ठाऊक नव्हतं. मैत्रिणी, शाळा, खाली पाण्याकाठची फिरायची वाट, कोपऱ्यावरच्या कराकवाल्याचा चहा. मी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणालो, "तुझं शेवटचं वर्ष इथेच होणार. शब्द देतो." द्यायला नको होता. तो शब्द मला आजही छातीत टोचतो.

त्या शनिवारी नेहमीप्रमाणे आईचा फोन आला. तिला काही सांगायचं नाही, असं मंजिरीचं आणि माझं ठरलं होतं. रेवाला सांगायचं राहून गेलं. आईने विचारलं, "काय गं, आज कोण?" आणि रेवाने वहीत लिहून घेतलेला तो मानाचा शब्द आठवून आठवून, एकेक अक्षर सावकाश उच्चारत सांगितलं, "आजी, बाबाची जागा वारली."

"अगं बाई! कोण वारलं?" आई ओरडलीच. मी धावत येऊन फोन घेतला. सांगावं लागलं सगळं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रेवाला दे." रेवाला म्हणाली, "बाळा, जागा गेली म्हणतात. वारतात ती माणसं."

"बट आजी, यू सेड एकदा गेलं की मान द्यायचा."

मंजिरी हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. मी गॅलरीत गेलो. समोरच्या टॉवरच्या काचा धुणारी माणसं दोरीला लटकून काम करत होती. चूक तिचीही नव्हती, भाषेचीही नव्हती. मराठीत एकच शब्द आहे बसायच्या जागेला, नोकरीला, विधानसभेतल्या खुर्चीला आणि राहत्या घराला. माझ्या सगळ्याच एका झटक्यात गेल्या होत्या. त्या पोरीने निदान नीट शोक तरी व्यक्त केला.

पुढचे सहा आठवडे मी शब्द पाळायची धडपड केली. ओळखीच्या सगळ्यांना बायोडेटा पाठवला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे कुणी फिरलं नाही, सगळे गोडच बोलले. "शुअर, सुधीरभाई." "इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ." एका ठिकाणी तीन मुलाखती झाल्या, मग त्यांनी फोन उचलणं सोडलं. या सगळ्यात रेवाने एकदा विचारलं, "बाबा, हू डू वी अपील टु?" तिच्या तक्त्यातले लोक कोर्टात गेले होते ना. मी हसलो. खरंच हसलो, मोठ्याने. तिचा चेहरा पडला, आणि माझ्या मनात आलं की ते लोक हरले खरे, पण त्यांना हरायला एक जागा होती.

शेवटी बशीरभाई मदतीला आला. जुन्या कंपनीतला फोरमन, पेशावरकडचा, मुसफ्फाच्या गल्लीगल्लीत ओळख. "साहब, जगह तो है," तो म्हणाला. छोटं वर्कशॉप, ड्रॉइंग, स्टोअर, हजेरी, सगळं एकाने बघायचं. "लेकिन बैचलर. फैमिली का नहीं हो पाएगा." इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. बॅचलर म्हणजे ज्याची माणसं त्याच्याबरोबर नाहीत तो. लग्नाला वीस वर्षं झालेला मी कागदोपत्री पुन्हा ब्रह्मचारी झालो. मला परत फिरता आलं असतं, पण पुण्यात बावन्नाव्या वर्षी लाल शिक्के मारणाऱ्याला कोण ठेवणार? मी हो म्हणालो. घरी येऊन रेवाला सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "ओके," म्हणाली, आणि खोलीत जाऊन प्रकल्पाचे नकाशे भिंतीवरून काढायला लागली. प्रकल्पाला चांगले मार्क मिळाले होते. 'लोकांचं काय झालं' या शेवटच्या भागात तिने एकच ओळ लिहिली होती, की आता त्यांची मोजणी दुसरीकडे होते. बाईंनी बाजूला लिहिलं होतं: थोडं विस्ताराने हवं.

जुलैत घर रिकामं झालं. लिफ्टजवळच्या फळ्यावर आमची चिठ्ठी लागली, सोफा, वॉशिंग मशीन, अभ्यासाचं टेबल. इथे दर उन्हाळ्यात तो फळा अशा चिठ्ठ्यांनी भरतो आणि लोक कॉफी पीत पीत त्या वाचतात. आम्हीही वाचायचो. अभ्यासाचं टेबल न्यायला एक तरुण जोडपं आलं, नुकतंच नागपूरहून आलेलं. बाई पोटुशी होती. तिने रेवाला विचारलं, "इथे मुलांना करमतं ना गं?" रेवा म्हणाली, "यस आंटी, इट्स व्हेरी नाइस."

मंजिरी आणि रेवा गेल्या त्याला आता पाच वर्षं झाली. मुसफ्फाला तिघांत एक खोली आहे. खाली उतरलं की वर्कशॉप. बशीरभाई अजून येतो. मागे तिकडे इंडियात निवडणुका होत्या तेव्हा म्हणाला, "साहब, आप वोट नहीं डालते?" मी म्हणालो, त्यासाठी स्वतः जावं लागतं. तो म्हणाला, "मैंने शादी से पहले एक बार डाला था. जिसको डाला, वो भी हार गया." आम्ही दोघं हसलो आणि ग्राइंडर परत सुरू झाला. रेवाचं नाव त्या वर्षी पुण्याच्या यादीत आलं होतं. शाई लावलेल्या बोटाचा फोटो मंजिरीने पाठवला, रेवाने नाही. मी फोन करून कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, बूथवरच्या बाईंनी जन्मगाव विचारलं आणि अबू धाबी म्हटल्यावर म्हणाल्या, "ते नाही गं, खरं गाव." मग तिने तिथल्या एका माणसाला विचारून आमच्या वॉर्डाचं नाव सांगितलं.

आशा नाही, हे मी आता मान्य केलंय. ती परत इथली होणार नाही, पुण्याचीही झालेली नाही, आणि मी तिला दिलेला शब्द दोन्हीकडे निकामी आहे. तरी यंदा माझ्या डोक्यात आलं की निदान पंधरा दिवस तिला इथे आणावं. मैत्रिणींपैकी दोघी अजून आहेत. पाण्याकाठच्या वाटेवर फिरेल, शाळेच्या दारावरून जाईल. मी व्हिजिट व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. अर्जदाराचं नाव, रेवा. माझ्याशी नातं, मुलगी. जन्मस्थळ, अबू धाबी. येण्याचं कारण या रकान्यात दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचं होतं. मी 'पर्यटन' निवडलं आणि तो भरलेला अर्ज तिला बघायला पाठवला.

संध्याकाळी तिचा फोन आला. यार्डात अजून ऊन होतं. तिने अर्ज उघडून वाचला होता, सगळे रकाने. काही चूक आहे का, मी विचारलं. नाही, म्हणाली. 

"बाबा," ती म्हणाली, "मला माझ्या गावाला पाहुणी म्हणून यायचं नाही."

मराठीत म्हणाली. मी बरं म्हणालो. ती बरोबर बोलत होती.